शिळी वीज

मोबाइलच्या पोटात शिळी वीज साचते, हा शोध रामरावांना लागला तो दिवस पाण्याचा होता.

जालन्यात मस्तगडच्या मागच्या अंगाला त्यांची चिंचेची गल्ली. गल्लीत चिंच नाही, पण ते असू द्या. नळाला पाणी येतं आठ-दहा दिवसांनी, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी पहिलं काम भरण्याचं नसतं, ओतण्याचं असतं. मागच्या खेपेचं उरलेलं पाणी शिळं. बाया ते अंगणात ओततात, पायऱ्यांवर ओततात, आपली तुळस भिजली की शेजारणीच्या तुळशीला ओततात. मग हंडे, पिंपं खंगाळतात आणि ताजं पाणी काठोकाठ भरतात, वरून चार थेंब सांडेपर्यंत. अर्धवट भरलेलं पिंप आणि अर्धवट जेवून उठलेला जावई, दोन्ही घराला लाज आणतात असं तिथं मानतात.

रामराव पायरीवर बसून हे बघत होते. हातात मुलानं घेऊन दिलेला नवा स्मार्टफोन. मुलगा कंपनीच्या कामानं बाहेरगावी, घरात हे नवरा-बायको आणि सून तृप्ती. फोनच्या कोपऱ्यात आकडा होता सदतीस आणि ते तो चार्जिंगला लावायला उठलेच होते. तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, अर्धी घागर मोरीत रिकामी केली.

"कालवर तर हेच पाणी पेत होतो," रामराव म्हणाले.

"कालवर ताजं कुठं आल्तं? ताजं दारात आलं की घरातलं शिळं होतं. त्याच्यावर नवं भरलं तर नवंबी नासतं."

रामरावांनी हातातल्या फोनकडे पाहिलं आणि ते जागच्या जागी थिजले. तीन आठवडे ते सदतीसवर, बावन्नवर, एकदा तर एकाहत्तरवर नवी वीज ओतत आले होते. ज्या माणसानं बियाण्याच्या कंपनीच्या गोदामात एकतीस वर्षं काढली, जुना लॉट निघाल्याशिवाय नव्या लॉटची थप्पी कधी लावू दिली नाही, त्या माणसाच्या हातून हे घडावं.

त्या दिवसापासून फोन खंगाळणं सुरू झालं.

रीत अशी. टॉर्च लावायचा, पडद्याचा उजेड पूर्ण करायचा, कीर्तन मोठ्या आवाजात सुरू करायचं आणि फोन खिडकीत उन्हाला ठेवायचा, म्हणजे कोपऱ्याकापऱ्यातली वीजही निघून जाते. फोन मधूनमधून तांबडी खूण दाखवून विनवायचा, पण रामराव बधायचे नाहीत. भांडं रिकामं होताना वाजतंच. फोन विझला की तो उलटा धरून दोनदा झटकायचा. मग चार्जरला लावून गोधडीत गुंडाळायचा, धूळ जाऊ नये म्हणून. शंभर झाले तरी काढायचा नाही. आणखी तीन तास. काठावरून थोडी सांडली पाहिजे.

"मामा, मोबाइलला काय शिळं-ताजं राह्यतं का?" तृप्ती म्हणाली.

ती घरीच ब्लाऊज शिवायची. तिचा फोन चार वर्षांचा, काच तडकलेली, केसांचं रबर लावून आवळलेला. कणीक मळताना दहा मिनिटं लावायची, काज करताना काढायची, दुपारी पुन्हा पाव तास लावायची. रामरावांनी आठवडाभर हे पाहिलं आणि अखेर त्यांना राहवलं नाही.

"सूनबाई, रागावू नको. पण हे उष्टं चार्जिंग झालं. दोन घास खायचे, उठायचं, पुन्हा बसायचं. असा फोन सहा महिने टिकणार न्हाई."

"चार वर्षं झाले की, मामा."

"तेच म्हणतो. आता सहा महिनेच राह्यले."

आता हा फोन रामरावांपुरता असता तर ही गोष्ट सांगण्यात काही राम नव्हता. पण तो गल्लीचा फोन होता. पाणी सोडणारा बद्रीनाथ वॉल्व फिरवायच्या पंधरा मिनिटं आधी गल्लीतल्या एकाच नंबरावर फोन करायचा. एकाच, कारण पूर्वी तो घरोघर फोन करायचा तेव्हा प्रत्येक बाई त्याला "प्रेशर कसं राहील, किती वेळ राहील, मागच्या बारीला गढूळ कामून आल्तं" असं विचारायची आणि तोवर पाणी निघून जायचं. ग्रुपही करून झाला होता. पण सकाळच्या फुलांच्या आणि सुविचारांच्या ढिगात पाण्याचा निरोप कोणाला सापडलाच नाही.

आधी हा मान राधेश्याम किराणावाल्याकडे होता. दोन वर्षांपूर्वी एकदा बद्रीनाथचा फोन आला नसतानाच, नुसता पाइपमधून हवेचा आवाज आला म्हणून, राधेश्यामनं "पाणी" अशी हाक दिली. गल्लीनं तेवढ्या हाकेवर घराघरातलं शिळं पाणी ओतून टाकलं. ताजं आलं तीन दिवसांनी. त्या तीन दिवसांत गल्लीनं आंघोळी किती केल्या हे विचारू नये. त्यानंतर मान रामरावांकडे आला. फोन आला की ते कोपऱ्यावर उभे राहत, टोपी नीट करत आणि अशी हाक देत की झोपलेलं माणूस भांडं घेऊनच उठे. निवृत्त झाल्यापासून त्यांना विचारून होणारी गल्लीत एवढी एकच गोष्ट उरली होती.

म्हणून त्यांचा शोधही गल्लीनं मनावर घेतला. पहिल्यांदा समोरच्या उषाबाईंनी. "रामरावदादा म्हणतात ते बराबर हाये," त्या नळावर म्हणाल्या. "मी कालपासून खंगाळून राह्यले. आवाजबी साफ झाला." महिनाभरात चिंचेच्या गल्लीत दुपारी कुठंही कान द्या, एकाच वेळी सात-आठ कीर्तनं चालू असायची आणि एकही माणूस ऐकत नसायचा.

चार महिन्यांनी फोन दुपारीच मान टाकू लागला. रामरावांनी अंदाज केला की खंगाळण्यात कसर राहते. त्यांनी दिवसातून दोनदा सुरू केलं. फोन तापला की ते तो माठावर ठेवायचे. एकदा फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवला आणि त्याच दिवशी मुलाचा फोन आल्यानं सगुणाबाई घाईत फोनऐवजी जुडीच कानाला लावून दोन शब्द बोलल्या. शेवटी ते रहमतुल्लाच्या दुकानी गेले. रहमतुल्लाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान कोपऱ्यावर, जेमतेम एक खुर्ची मावेल एवढं. त्याच्या बापाचं याच जागी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं.

"काका, पूर्ण उतरू कायको देता?" रहमतुल्ला म्हणाला. "वीसवर आला की लावायचा. ऐंशी झाला की काढायचा. मधी मधी लावला तरी चालतो. आणि गोधडी बिलकुल न्हाई. गर्मीनं बॅटरी लवकर म्हातारी होते."

"ऐंशीवर काढायचा?"

"हां."

"आन् वरचे वीस?"

"रिकामे राहू द्या."

रामरावांनी खाली उतरून चपला घातल्या. जालन्यात जन्मलेला, जालन्यात वाढलेला माणूस, पाणी दहा दिवसांनी येतं तिथला, भर नळाखाली भांडं पाचवा हिस्सा रिकामं उचल म्हणतो. यात दोनच शक्यता होत्या. एक तर हा आजारी आहे, नाहीतर याला बॅटऱ्या विकायच्या आहेत. "याच्या बापाच्या हातचे रेडिओ बरे होते," असं सगुणाबाईंना सांगून त्यांनी तो विषय मिटवला.

आठव्या महिन्यात आकडा लहरी झाला. चाळीस दाखवायचा आणि पाणी पिऊन येईतो फोन बंद. मागचं झाकणही थोडं उचललेलं दिसायचं. रामराव म्हणाले, भरलंय त्याचं पोट.

मग ती सकाळ आली. पाण्याला दहा दिवस झाले होते. दहाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत बद्रीनाथचा फोन नाही, म्हणजे पाणी अजून एक-दोन दिवस लांबलं असं धरून अकराव्या दिवशी सकाळी रामरावांनी निवांतपणे टॉर्च लावला, कीर्तन लावलं आणि फोन खिडकीत ठेवला. आकडा बावीस होता. तेवढ्यात कीर्तन थांबलं आणि फोन वाजला. पडद्यावर नाव, बद्रीनाथ पाणी.

"हॅलो, रामराव," बद्रीनाथ म्हणाला, "ऐका, आज..."

आणि फोन विझला.

रामराव फोन कानाला लावून तसेच उभे राहिले. आज काय? आज सोडतो, की आज न्हाई? हाक द्यावी तर अख्खी गल्ली क्षणात शिळं ओतून मोकळी होईल, आणि पाणी नसेल तर राधेश्यामच्या पंगतीत आपलं पान. न द्यावी तर... पण तो विचार त्यांनी पुरा केला नाही. त्यांनी फोन चार्जरला लावला. रिकाम्या बॅटरीची तांबडी खूण आली. गेली. पुन्हा आली.

"तृप्तीच्या फोनवरून लावा की," सगुणाबाई म्हणाल्या.

"बद्रीनाथचा नंबर ह्या फोनात हाये."

"पाठ न्हाई?"

"तुला तुझ्या भावाचा पाठ हाये का?"

सगुणाबाईंना नव्हता. मग दोघं फोनसमोर बसले. फाटकापाशी, जमिनीतल्या खड्ड्यात, फरशीखाली नळ होता. फरशी उचलून तोटी फिरवली असती तर दोन सेकंदांत उत्तर मिळालं असतं. पण एकदा माणसाची नजर त्या तांबड्या खुणेवर बसली की त्याला नळाची आठवण राहत नाही. पाऊण तास गेला. फोन चालू व्हायचा, कंपनीचं नाव दाखवायचा आणि नाव पुरतं वाचून व्हायच्या आत बंद पडायचा.

आरडाओरडा पहिल्यांदा राधेश्यामच्या दुकानापुढे झाला. नालीतून पाणी वाहत होतं. नालीतून पाणी वाहतंच, पण हे स्वच्छ होतं, तळाचे दगड दिसावेत इतकं. लोक दुकानाच्या पायऱ्या उतरून नालीकडे बघत उभे राहिले. चिंचेच्या गल्लीनं नालीत असं पाणी कधी पाहिलं नव्हतं. मग एक बाई म्हणाली, "हे नळाचं हाये," आणि सगळ्यांनी धार कुठून येते ते पाहिलं. धार येत होती उषाबाईंच्या खड्ड्यातून. मागच्या खेपेला त्यांची तोटी उघडीच राहिली होती.

पुढची दहा मिनिटं सांगण्यासारखी नाहीत. फरश्या उचलल्या, मोटारी लागल्या, पण वॉल्व बंद व्हायची वेळ झालेली. रामरावांच्या नळातून करंगळीएवढी धार आली, दोनदा खोकली आणि गेली. सगुणाबाईंनी आरडाओरडा ऐकताच सवयीनं शिळं पाणी आधीच ओतलं होतं.

दुकानापुढे गल्ली जमली. कोणी रागानं बोलत नव्हतं, आणि रामरावांना तेच सहन होईना.

"फोन आल्ता का न्हाई, एवढंच सांगा," राधेश्याम गूळ तोडता तोडता म्हणाला.

"आल्ता."

"मंग?"

"खंगाळत होतो."

राधेश्यामनं सुरी खाली ठेवली. दोन वर्षं तो या वाक्याची वाट बघत होता. "माझ्या हाकेला निदान हवा तरी आल्ती," तो म्हणाला.

रामराव तडक पाण्याच्या ऑफिसात गेले. एक जादा पाळी मिळवायची, म्हणजे सगळं धुऊन निघेल. खिडकीतल्या मॅडमनं रजिस्टर उघडून दाखवलं.

"काका, तुमच्या गल्लीला पाणी सुटलेलं हाये. चाळीस मिनिटं."

"सुटलं, पण मिळालं न्हाई."

"ते भरणाऱ्याकडं. आमच्याकडं फक्त सोडणं."

"मंग तक्रार लिहून घ्या."

"कागदावर बंद झाली. मोबाइलवर करा. नंबर सांगा, ओटीपी येईल."

रामरावांनी नंबर सांगितला आणि खिशातून फोन काढला. वाटेत त्यांनी तो एका रसवंतीवर अर्धा तास चार्ज करून घेतला होता. आकडा एकतीस होता. फोन थरथरला, पडद्यावर चिठ्ठी आली. "चार," रामराव म्हणाले, "सात," आणि पडदा काळा झाला.

"पुढचे?" मॅडमनं विचारलं.

रामरावांनी फोन उलटा धरून दोनदा झटकला. मागं रांगेतला एक माणूस खाली वाकून फरशीवर बघू लागला, काही पडलं असेल तर म्हणून.

संध्याकाळी तृप्तीच त्यांना रहमतुल्लाकडे घेऊन गेली. तिला काचेचं विचारायचं होतं, असं ती म्हणाली. रहमतुल्लानं फोनचं झाकण उचललं आणि हात मागे घेतला. बॅटरी टम्म फुगलेली होती, तव्यावरच्या भाकरीसारखी.

"काका, हिला दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर बिलकुल लावू नका. पेटते कधी कधी." त्यानं ती हळूच काढून वाळूच्या डब्यात ठेवली. "किती दिवस झाले फोनला?"

"आठ महिने."

"आठ महिन्यांत न्हाई व्हायला पाहिजे. चार्जिंग कशी करता?"

रामरावांनी सांगितलं. सगळं, गोधडीसकट. रहमतुल्ला ऐकत गेला तसा त्याचा चेहरा पडत गेला, आणि शेवटी त्यानं उठून रामरावांसाठी पाणी मागवलं.

"शिळी वीज नसते, काका. बॅटरीला पूर्ण रिकामं होणं सोसत न्हाई आणि पूर्ण भरून तापत पडणंबी सोसत न्हाई. तुम्ही दोन्ही केलं. रोज. दोनदा." मग त्यानं तृप्तीचा रबरवाला फोन घेतला, आत कुठंतरी बोट फिरवलं आणि भुवया उंचावल्या. "ताई, चार वर्षं? सत्त्याऐंशी टक्के ताकद शिल्लक हाये. एवढी चांगली बॅटरी ह्या गल्लीतून माझ्याकडं कधी आली न्हाई."

रामराव हातात पेला धरून बसले. सत्त्याऐंशी. उष्टं चार्जिंग, आणि सत्त्याऐंशी. आपलं सगळं सोवळं वाळूच्या डब्यात पडलेलं.

"खरं तर इचारणारच होतो," रहमतुल्ला म्हणाला, "चिंचेच्या गल्लीत काय झालंय? ह्या महिन्यात तिथल्या नऊ बॅटऱ्या गेल्या."

तेवढ्यात बाहेरून उषाबाईंचा आवाज आला. "रहमतुल्लाभाई, ह्या फोनचं पोट बघा बरं जरा." रामराव पेल्यासकट काउंटरखाली बसले. तृप्ती पुढे झाली आणि काचेचा भाव विचारत तिनं दार अडवून धरलं, उषाबाई जाईपर्यंत.

गल्लीनं ठराव केला नाही, भांडण केलं नाही. बद्रीनाथला फक्त नंबर बदलून दिला, तृप्तीचा. पुढचे आठ दिवस लोकांनी टँकरवर काढले. रामरावांच्या फोनात नवी बॅटरी पडली होती. ते वीसला लावत, ऐंशीला काढत. काढताना त्यांचा हात अजून कचरायचा. उरलेले वीस त्यांना दिवसभर रिकाम्या पिंपासारखे दिसायचे. कोपऱ्यावर मात्र ते जाईनासे झाले. वरच्या गल्लीतले लोक विचारतील, या भीतीनं दूधही सगुणाबाईच आणत.

नवव्या दिवशी सकाळी तृप्ती कणीक मळत होती. तिचा फोन फळीवर, चार्जरला, त्रेपन्नवर. तो वाजला.

"मामा, उचला. माझे हात भरले."

"तुझा फोन हाये."

"मामा, बद्रीनाथ दिसून राह्यलाय."

रामरावांनी फोन उचलला. "बोल."

"आज सोडतो. पंधरा मिनिटांत," बद्रीनाथ म्हणाला. "कोण, रामराव का? मंग बरं झालं. सूनबाईचा आवाज कुठवर जाणार?"

रामरावांनी फोन फळीवर ठेवला, खुंटीवरची टोपी घेतली आणि ते कोपऱ्यावर गेले. त्यांनी हाक दिली. पहिल्या हाकेला गल्लीत काहीच हललं नाही. राधेश्यामनं दुकानातून मान बाहेर काढली.

"नक्की?"

"सुनेच्या फोनवर आला."

राधेश्यामनं मागं वळून आपल्या बायकोला सांगितलं, "ओत." आणि त्या एका शब्दासरशी गल्लीभर फरश्या उचलल्याचा, हंडे आपटल्याचा आवाज झाला. तेव्हापासून तशीच वाटणी पडली. फोन सुनेचा, हाक सासऱ्याची.

रामराव घरी आले तेव्हा सगुणाबाई नेहमीप्रमाणे अर्धी घागर मोरीकडे घेऊन निघाल्या होत्या. रामराव आडवे आले.

"ओतू नको. त्याच्यावरच भर."

"काय म्हणालात?"

"शिळं काही नसतं. पूर्ण रिकामं करणंच वाईट. मी डोळ्यांनी बघितलंय."

सगुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, घागर खाली ठेवली आणि नळाची रबरी नळी पिंपात सोडली. धार जोरात होती. पिंप भरत आलं. चार बोटं उरली, तसे रामराव खड्ड्याशी वाकले आणि त्यांनी तोटी बंद केली.

चाळीस वर्षांच्या संसारात सगुणाबाईंनी पुष्कळ पाहिलं होतं. कोथिंबिरीशी बोलून झालं होतं. पण चालू नळ, भरलेलं प्रेशर, आणि माणूस हातानं तोटी बंद करतो, हे त्यांनी आजवर ऐकलंही नव्हतं. त्यांच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. स्वयंपाकघरातून कणकेच्या हातांनी तृप्ती बाहेर आली आणि तीही उंबऱ्यातच थांबली.

"ऐंशी झालं," रामराव शांतपणे म्हणाले. "वरचं रिकामं राहू दे. नाहीतर पिंप फुगतं."

सगुणाबाई खाली बसल्या, त्यांनी तोटी पुन्हा पूर्ण उघडली, आणि पाणी काठावरून सांडून रामरावांच्या पायापर्यंत येईपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.